ठसेकाका आणि धुण्याच्या मशिनवाल्यांची रायफल

ठसेकाकांच्या पुढ्यात वाढलेलं ताट ठेवलं, की ते आधी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलायचे आणि खालून वाचायचे. एका गणपतीला त्यांनी श्रीखंड, दोन वाट्या आमटी आणि वीस पुऱ्या अशा ऐवजासकट ताट उचललं, बूड वाचलं आणि थेंबही न सांडता खाली ठेवलं. पुऱ्या पाचच होत्या असं काकू म्हणतात. काकूंना माझ्या प्रत्येक गोष्टीतून पुऱ्या कमी करायची सवय आहे.

"वहिनी, हे जर्मन नाही हं," काका यजमानीणबाईंना म्हणाले. "नाव जर्मन, माल मुरादाबादचा."

पुढच्या वर्षी त्या घरी कागदाच्या प्लेटा होत्या. काकांनी त्याही उलट्या केल्या.

"वरचं नाव विकणाऱ्याचं असतं," ते म्हणायचे. "करणारा कुठेतरी कोपऱ्यात एक बारीक अक्षर ठोकून गप्प बसतो. आपण त्याला हुडकायचं." चाळीस वर्षं शिकागोकडच्या एका फाउंड्रीत पोलाद तपासून ते रिटायर झाले आणि मग लष्कराने मोडीत काढलेल्या जुन्या रायफलींच्या नादाला लागले. तिथल्याच शॉमबर्ग गावातल्या घराच्या बेसमेंटमध्ये त्यांच्या दोनशे रायफली होत्या. (काकू: एकोणीस.) एकही त्यांनी कधी झाडली नाही. त्यांना फक्त हिला जन्म कोणी दिला, हे हवं असायचं.

त्या बेसमेंटमध्ये उतरलेला माणूस सुटत नसे. मी काकूंचा स्टीलचा डबा परत द्यायला गेलो होतो, तो नऊ वर्षांनी वर आलो. बाहेर पडायला एकच जिना, आणि तो थेट काकूंच्या किचनमध्ये उघडायचा. खिडकी म्हणजे छताला चिकटलेली एक फट, हिवाळ्यात बर्फाने बुजलेली. खाली काका भिंग लावून बसायचे आणि मी बॅटरी धरून उभा. हात जरा हलला की ओरडायचे, "अरे, टॉर्च धर, आरती ओवाळू नकोस!"

या काकांचा एकुलता एक अमेरिकन दोस्त म्हणजे शेजारचा डेल. वय शहात्तर, स्कूल बसचा रिटायर्ड मेकॅनिक. काकांना 'डॉक' म्हणायचा आणि स्वतःच्या आधी काकांच्या ड्राइव्हवेतला बर्फ काढायचा. डेलच्या गावात कपडे धुण्याची मशिनं करणारा एक कारखाना होता. महायुद्धात सरकारने त्यांना रायफली करायला लावलं आणि डेलची आई, तेव्हा विशीतली, तिथे तपासनीस होती. नापास रायफलीवर ती खडूने फुली मारायची. फोरमन अंगावर ओरडायचा, तरी तिने मारलेली फुली कधी पुसली नाही. याच गोष्टीवर डेल लहानाचा मोठा झाला. पुढे त्याला त्या कारखान्याचं नाव कोरलेली एक रायफल मिळाली. चाळीस वर्षं ती त्याच्या फायरप्लेसवर होती आणि घरात सगळे तिला 'मॉमची रायफल' म्हणायचे. आता ती गावच्या म्युझियममध्ये आईच्या फोटोशेजारी लागणार होती. म्युझियमला फक्त जाणकाराचं एक पत्र हवं होतं.

"सोपं काम," काका म्हणाले. "दहा मिनिटं."

ऑक्टोबरात डेल रायफल ठेवून गेला, आणि नेमका दसरा आला. दसऱ्याला काकू काकांची हत्यारं, कुकर, माझा लॅपटॉप आणि बेसमेंटमधली अख्खी फौज मांडून पूजा करायच्या. डेलची रायफल पाहुणी, म्हणून तिला कुंकू जास्त, तेही तेलात कालवलेलं. काकांनी बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. "अगं, लोकाची वस्तू आहे ती!"

"मग काय, लोकाच्या सुनेला कुंकू लावत नाही का आपण?" काकू म्हणाल्या. काकांनी चिंधी घेऊन पुसून काढलं.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी डेल पत्र न्यायला आला. तो वर चहा आणि शंकरपाळ्यांना भिडला. सहीपूर्वी शेवटची नजर टाकावी म्हणून काकांनी मला खाली नेलं. मी बॅटरी तिरकी धरली. कारखान्याच्या कोरलेल्या नावामागे, जिथे पोलाद नुसतं गुळगुळीत दिसायचं, तिथे एक बारीक लाल अक्षर उमटलं होतं. कोणीतरी कधीकाळी घासून उडवलेला तो ठसा. बोटाला न लागणाऱ्या त्या खळग्यात कुंकू राहिलं होतं.

काकांनी भिंग लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग खुर्चीत बसले.

"हे मशिनवाल्यांचं नाही रे. शेजारच्या राज्यातल्या टाइपरायटरवाल्यांचं आहे. यांना ऑर्डर झेपेना, त्यांनी तयार माल मागवला आणि वर आपलं नाव मारलं."

"बाकीचे पार्ट?"

दोस्ताची वस्तू म्हणून आजवर न खोललेली रायफल काकांनी सुटी केली. दोन तास प्रत्येक तुकडा भिंगाखाली गेला. युद्धानंतर लष्कराने सगळ्या रायफली खोलून, सुटे भाग मिसळून पुन्हा जोडल्या होत्या. सात कारखाने निघाले. मशिनवाल्यांचा एक स्क्रूसुद्धा नाही.

वरून डेलचं हसणं ऐकू येत होतं. म्युझियमची तारीख ठरली होती, आईचा फोटो मोठा करून झाला होता. जिना एकच, आणि जिन्याच्या तोंडाशी तो बसलेला. खिडकीतून पळायचा प्रस्ताव मी गंभीरपणे मांडला.

"गुडघा चढू देणार नाही," काका तितक्याच गंभीरपणे म्हणाले. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "तू सांग त्याला. तुझं निम्मं खोटं असतं, हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळे निम्मंच लागेल."

मी वर गेलो. डेलने शंकरपाळी तोंडाशी तशीच धरली. "काय म्हणतो डॉक?"

आयुष्यभर मी गंमत म्हणून थापा मारल्या. ती एकच भीतीने मारली. "आईचीच आहे," मी म्हणालो. "शंभर टक्के."

डेलने माझा खांदा असा दाबला की अजून दुखतो. तेवढ्यात जिन्यावर एकेक पायरी वाजू लागली. काका कठडा धरून वर आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "नाही, डेल."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डेल ऐकत होता, पण त्याने ठसा बघायला मागितला नाही. त्याने कप सिंकमध्ये ठेवला, काकूंना थँक यू म्हटलं, मी जोडून आणलेली रायफल पेटीत ठेवली आणि गेला.

"अहो, एक शब्द गिळला असतात तर?" काकू म्हणाल्या.

"त्याच्या आईने नापास माल कधी पास केला नाही," काका म्हणाले. "तिच्याच नावावर मी खोटा माल पास करू?"

हे वाक्य घेऊन मी दुसऱ्याच दिवशी डेलच्या दारात उभा राहिलो. त्याने शांतपणे ऐकलं. "काल तू शंभर टक्के म्हणाला होतास," तो म्हणाला आणि दार लावलं. लोक माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत याची मला आजवर मजा वाटायची. त्या दिवशी खरं बोलायला गेलो आणि मीच केलेल्या भिंतीवर आपटलो.

त्या हिवाळ्यात काकांच्या ड्राइव्हवेतला बर्फ मी काढला. काका खाली बसून राहायचे, भिंगाला हात न लावता. "आज बर्फ काढायचं मशिन चालू होतं का डेलचं?" एवढंच विचारायचे. मार्चमध्ये ते गेले. हृदय, झोपेत. फ्युनरल होममध्ये डेल मागच्या रांगेत बसला आणि आधीच उठून गेला.

मे महिन्यात त्याचा फोन आला. "डॉकचं पूर्ण नाव मला लिहून दे. स्पेलिंग बरोबर लिही, आणि मधे काहीही वाढवू नकोस."

जूनमध्ये काकूंना घेऊन मी त्याच्या गावी गेलो. म्युझियम म्हणजे दोन खोल्या. काचेत रायफल होती, शेजारी खडू घेतलेली विशीतली पोरगी हसत होती. मधल्या कार्डावर लिहिलं होतं: 'या रायफलीवर आमच्या कारखान्याचं नाव आहे. ती इथे बनलेली नाही.' खाली 'इन्स्पेक्टर', म्हणजे तपासनीस, असा मथळा आणि दोन नावं. पहिलं डेलच्या आईचं. दुसरं काकांचं, मधल्या वडिलांच्या नावासकट.

काकूंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

डेल दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. "बरोबर आहे का?" त्याने विचारलं. मला नाही, काकूंना.

"पास," काकू म्हणाल्या.