तीन प्याद्यांचं वाण

लग्न होऊन नांदुऱ्याला आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली बुद्धिबळाचा पट होता. खेळ माहेरी, धामणगाव बढ्याला वडिलांनी शिकवलेला. पट पाहून सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण नणंदेचे डोळे लकाकले. ती माझ्याहून मोठी, ऐन विशीत विधवा होऊन माहेरी परतलेली. मी तिला आक्का म्हणे. दुपारची भांडी आवरली की आम्ही मागच्या खोलीत पट मांडायचो आणि ती मला रोज धूळ चारायची.

शेवटी मी नवऱ्याला साकडं घातलं. तो स्टेशनवर मालाचा कारकून. तिथे दोन गाड्यांच्या मधे विलायती कायद्याने, म्हणजे प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं देऊन, डाव रंगत; आम्हीही तसेच खेळायचो.

"पयल्या चालीले प्यादं दोन घरं टाकजो," तो म्हणाला. "मंग एकामागं एक तीन प्यादे तिले खाऊ दे."

"काऊन? फुकट?"

"फुकट कायचं? तिचं एकच प्यादं खात खात आत येते, तवरिक तुहे दोन्ही उंट मोकळे होतात. मंग तिच्या राजावर तुटून पड."

रात्री नवऱ्याबरोबर सराव करताना वजिराचं, उंटाचं, घोड्याचं अशी तीन प्यादी आपल्या हाताने देणं माझ्या जिवावर यायचं. तिसऱ्याला मी हमखास कचरायची. नवरा हसायचा, "वान लुटतांनी तं हात आखडत नाही तुहा!"

त्या शब्दापाशी मी थांबले. संक्रांत तोंडावर होती. तिळाचे लाडू आक्काच वळायची, आणि हळदीकुंकवाला बायका आल्या की मागच्या खोलीचं दार ओढून घ्यायची. तिला कोणी जा म्हणत नसे. म्हणावंच लागत नसे, याचाच मला संताप यायचा. यंदा तिलाही वाण देऊ का, असं सासूबाईंना विचारलं, तर त्यांच्याच डोळ्यांना धार लागली. पण आक्काच्या हातात वाण पडल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

त्या संक्रांतीला आम्ही चहाच्या गाळण्या लुटल्या. दिवेलागणीला बायका गेल्यावर मी पट घेऊन मागे गेले. दुसऱ्याच चालीला वजिराचं प्यादं तिच्यापुढे सारलं.

"हे काय वं वहिनी? मरते ना हे."

"वान आहे, आक्का. नाही म्हनू नये."

ती पटाकडे पाहत राहिली. उठून गेली तर? मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, प्यादं उचललं आणि पटाच्या बाजूला न ठेवता पदरात घेतलं. उंटाचंही घेतलं. घोड्याचंही. या वेळी मी कचरले नाही.

माझे दोन्ही उंट तिच्या राजावर रोखलेले. आता ती सापडली, असं वाटलं. तेवढ्यात तिने स्वतःच्या वजिरापुढचं प्यादं माझ्या उंटासमोर आणून ठेवलं.

"घे. वान घेतलं का द्याबी लागते."

मी ते घेतलं आणि फसले. थोड्याच चालींत दोघींचे वजीर पटावरून उतरले, हल्ला विरून गेला. डाव तिनेच जिंकला.

सोंगट्या डब्यात भरताना तीन प्यादी कमी भरली. मी हात पुढे केला, तर आक्काने पदराची गाठ मुठीत घट्ट धरली.

"सकाळी देईन," ती म्हणाली. "आजच्या दिवस राहू दे माह्यापाशी."