कोहऱ्यातला ट्रॅक्टर

आमच्या घरात कॅमेरा आला तो मोठ्या जाऊबाईंसाठी. त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला थोरल्या दिरांनी दिला होता. त्या वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून रविवारी सकाळी त्यांना स्कूटरवर मागे बसवून शहराबाहेर न्यायचं काम माझ्याकडे आलं. त्या फुलांचे, पाखरांचे फोटो काढायच्या आणि मी स्कूटरला टेकून थर्मासमधला चहा प्यायची.

मी सांवेरच्या एका शाळेत शिकवते, इंदूरहून रोज बसने जाऊन-येऊन. बाहेरची जमीन इतकी वर्षं खिडकीतून दिसत होती, पण मी वह्या तपासायची नाही तर डुलक्या काढायची. सोयाबीन निघाल्यावरच्या एका रविवारी, त्याच रस्त्यावर, जाऊबाईंनी कंटाळून कॅमेरा माझ्या हातात दिला. "घे, तूच बघ. इथे तर काहीच नाहीये."

मी डोळा लावला. नांगरलेली काळी जमीन, त्यात एक बाभूळ, आणि वर आभाळ. कॅमेरा जरा खाली केला की जमीन मोठी व्हायची, वर केला की आभाळ. बाभूळ तीच, पण एकदा एकटी वाटायची आणि एकदा दांडगी. मी तेच करत बसले. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "अगं, झालं की नाही? भूक लागली ना!"

त्यानंतर मी वेडीच झाले म्हणा. मांडूला गेलो, पाताळपाणीला गेलो, जानापावच्या टेकडीवर गेलो. जाऊबाईंना फिरायला आवडायचं, मला थांबायला. एकच कॅमेरा आलटून पालटून वापरायचा, आणि घरी आलं की सगळे फोटो त्यांच्या कॉम्प्युटरवर. लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं बोलणं भाजी, पाहुणे आणि सणवार यांपलीकडे कधी गेलं नव्हतं. आता आम्ही दोघी स्क्रीनसमोर डोकं लावून बसायचो. मला बहीण नाही. मी मनातल्या मनात त्यांना ती जागा देऊन टाकली होती.

जानेवारीत दाट कोहरा पडला. कोहराच म्हणतो आम्ही, धुकं म्हटलं की पुस्तकातलं वाटतं. जाऊबाई रजईतूनच म्हणाल्या, "इतक्या ठंडीत मी नाही येत बाई. कॅमेरा घेऊन जा." मी एकटी गेले. सांवेरच्या अलीकडे गव्हाच्या शेतांवर कोहरा नुसता बसला होता. कॅमेऱ्याला फोकस सापडेना, मी हातानेच लावत होते. तेवढ्यात कच्च्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर आला. चालवणारे काका थांबले.

"मॅडम, यहाँ किसका फोटो ले रही हो?"

"कोहरे का."

ते मोठ्याने हसले. "कोहरा तो रोज है! मैं रुकूँ कि जाऊँ?"

"जाओ भिया, पर धीरे-धीरे जाओ."

आणि ते खरंच धीरे-धीरे गेले, दोन्ही दिवे लावून. ट्रॅक्टर दिसेनासा झाला, दिवे तेवढे राहिले, त्यांच्या उजेडात गव्हाची एक पट्टी हिरवी झाली. मी फोटो काढला आणि तिथेच उभी राहून एकटीच हसले.

घरी येऊन नाश्त्याच्या टेबलावर मी ही सगळी गोष्ट सांगितली, काकांच्या आवाजाची नक्कल करून. जाऊबाई टाळ्या वाजवून हसल्या. हे पण हसले.

फेब्रुवारीत आमच्या मराठी मंडळात हौशी लोकांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. जाऊबाई म्हणाल्या, त्यांनी चार-पाच फोटो दिलेत. मला आनंदच झाला. चांगली साडी नेसून ह्यांच्याबरोबर गेले. हॉलमध्ये शिरताच समोर माझा ट्रॅक्टर. मोठा केलेला, काळ्या चौकटीत. खाली जाऊबाईंचं नाव.

मला वाटलं, चिठ्ठी चुकून लागली. आयोजकांना सांगायला मी वळले, तर माइकवर जाऊबाईंचा आवाज. "इतका कोहरा होता, हात गारठलेले. तो ट्रॅक्टरवाला विचारतो, मैं रुकूँ कि जाऊँ? मी म्हटलं, जाओ भिया, पर धीरे-धीरे जाओ." हॉल हसला. नक्कल माझ्याहून बरी जमली होती त्यांना.

नंतर मी त्यांना जिन्यापाशी गाठलं. "ताई, तुम्ही तर त्या दिवशी घरी होतात."

त्यांनी माझा हात धरला. "अगं, कॅमेरा तर माझाच ना? आणि आपण दोघी काय वेगळ्या आहोत? त्यांनी एकच नाव मागितलं." मग कोणीतरी अभिनंदन करायला आलं आणि त्या तिकडे वळल्या.

रात्री मी ह्यांना विचारलं, "तो फोटो कोणाचा आहे, माहीत आहे तुम्हाला?"

हे घड्याळ काढत होते. "हो, तुझा आहे ना."

"मग तिथे बोलला का नाहीत?"

"फ्रेम मीच तर आणली राजवाड्याच्या बाजारातून. वहिनी म्हणाल्या, तिला सांगू नका, उगाच मनाला लावून घेईल." मग घड्याळ कपाटावर ठेवत, "काळी बॉर्डर मीच पसंत केली. छान दिसते ना?"

मला तो दिवस आठवला. हे घरी उशिरा आले होते, राजवाड्याला जाम लागला होता म्हणाले होते, आणि मी पोळ्या पुन्हा गरम करून वाढल्या होत्या. फ्रेम तेव्हा गाडीतच असणार.

"आणि तुम्हाला स्वतःला काय वाटलं?"

"छोड ना यार. घरातलाच तर फोटो आहे."

मी भांडले नाही. जाऊबाईंनी नाव खोटं लावलं ते एक वेळ मी समजून घेईन. कौतुकाची भूक कोणाला नसते. पण ह्यांनी दुकानात उभं राहून, माझा फोटो आहे हे माहीत असताना, त्याला कुठली बॉर्डर शोभेल याचा विचार केला होता. ते काही केल्या मनातून जाईना.

बरेच महिने मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. स्कूटर रविवारी घरीच. "येत नाहीस का गं?" जाऊबाई विचारायच्या, आणि मी शाळेचं काम सांगायची. पण बसमध्ये आता डुलकी लागत नव्हती. जमीन दिसायचीच. शेवटी उन्हाळ्यात मी एक जुना, वापरलेला कॅमेरा घेतला आणि शाळेतल्या माझ्या कपाटात ठेवला. शाळा सुटली की घेते, रस्ता धरून चालत जाते, हवं तिथे थांबते, आणि ठेवून मग घरची बस पकडते. घरी सांगते, मीटिंग होती.

परवा बुटांना लागलेली काळी माती बघून ह्यांनी ओळखलं. "तू परत फोटो काढतेस? मग दाखव ना."

"बघू," मी म्हटलं.

अजून दाखवलेले नाहीत. कोणालाच नाही. त्यांतले दोन-तीन खरंच चांगले आहेत.