पंचविसावं पुस्तक आणि अकरा फेसपॅक

देवासच्या सुमंगला जगदाळेने गेल्या वर्षीच्या गणपतीत भर मंडपात माईकवरून जे जाहीर केलं, ते विचार करून केलं की रागाच्या भरात, याबद्दल तिच्या घरात अजून एकमत नाही.

झालं असं. मंडळाच्या कार्यक्रमात उतारा वाचणाऱ्या बाई आल्याच नाहीत, म्हणून सुमंगलाला स्टेजवर ढकललं. सुमंगला सत्तेचाळीस वर्षांची, माहेर धारचं, घरात सगळी मराठी पण शाळा पहिलीपासून हिंदी. स्वतःच्या ब्युटी पार्लरमध्ये तिची जीभ वाऱ्यासारखी धावते. छापील मराठी समोर आल्यावर मात्र ती जीभ घाटात अडकलेल्या ट्रकसारखी झाली. पहिलं वाक्य संपेपर्यंत तबल्यावरचा माणूस चहा पिऊन परत आला.

मंडळाच्या वाचनालयाची, म्हणजे दोन लोखंडी कपाटांची, किल्ली तात्यासाहेबांच्या जानव्याला असते. ते पहिल्या रांगेतून मायेने म्हणाले, "राहू दे गं सुमंगला. तुझी रांगोळी फार सुरेख असते."

हे मायेने म्हटल्यामुळेच जास्त लागलं. सुमंगलाने माईक पुन्हा ओढला. "तात्यासाहेब, पुढच्या गणपतीच्या आरतीआधी तुमच्या कपाटातली पंचवीस पुस्तकं वाचीन. नाही जमलं तर जन्मभर रांगोळी काढीन, माईकला हात लावणार नाही. जमलं तर इथे वाचणार मीच."

मागे बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या, यशवंतरावांच्या, हातातला मोदक खाली पडला. "पंचवीस? आपल्या घरात आजवरचं सगळ्यात मोठं वाचन म्हणजे लग्नपत्रिका!"

तात्यासाहेबांनी लगेच अटी घातल्या. पुस्तक परत करताना ते एक प्रश्न विचारणार. उत्तर बरोबर आलं तर वहीत लाल पेन्सिलीची खूण. आणि पंचविसावं पुस्तक ते स्वतः निवडणार.

पहिल्या चौसष्ट पानी पुस्तकाला पाच आठवडे लागले. बोट ओळीवर, ओठ हलताहेत, कपाळावर आठ्या. पार्लरवालीच्या कपाळावर आठ्या म्हणजे धंद्याची बदनामी! अशाने पंचवीस पुस्तकांना अडीच वर्षं लागली असती. मग एके दुपारी तिला साक्षात्कार झाला: फेसपॅक लावलेलं गिऱ्हाईक वीस मिनिटं बोलू शकत नाही, हसू शकत नाही, पळूही शकत नाही. इतका सज्जन श्रोता मंडळाला शंभर वर्षांत मिळाला नसेल. सुमंगला मोठ्याने वाचू लागली.

समोरच्या घरातली रुची माळवी बोलणारी. मराठी तिला अर्धीच कळायची. पॅक धुतल्या धुतल्या तिने पहिला प्रश्न टाकला, "भाभी, वो छोरी मरी तो नी?"

"गुरुवारी ये, कळेल."

रुची आठवड्यातून दोनदा येऊ लागली. तिचा चेहरा इतका उजळला की तिच्या सासूला संशय येऊ लागला. दिवाळीपर्यंत तीन पुस्तकं झाली, होळीपर्यंत अकरा आणि आषाढात एकवीस. बोट ओळीवरून कधी उठलं ते सुमंगलाला कळलंही नाही. इकडे तात्यासाहेबांची लाल पेन्सिल दर खुणेला जड होत चालली होती.

चोविसाव्या खुणेनंतर त्यांनी कपाटाच्या तळातून चारशे बारा पानांची कादंबरी काढली. कथा एका विधुर रावसाहेबांची, त्यांना सांगून आलेल्या दोन बहिणींची. "माझं आवडतं पुस्तक," तात्यासाहेब म्हणाले. शेवटी चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर एकच नाव होतं, त्यांचं, आणि पुढे शेरा: 'शेवट तर अप्रतिम!'

हरतालिकेची सकाळ उजाडली तेव्हा वीस पानं बाकी होती. दुसऱ्या दिवशी गणपती. आणि पार्लरच्या दारात अकरा बायका! निर्जळी उपास, पण भुवया कोरलेल्याच हव्यात. सुमंगलाने पुस्तक मिटलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही होत गं आता."

"ऐसे कैसे नी होगा?" रुची कडाडली. "सबको एक साथ पोत दो!"

अकरा तोंडं मुलतानी मातीने लिंपली गेली. सोफा, खुर्च्या, स्टुलं, पायऱ्यासुद्धा भरल्या. सुमंगला मधे उभी राहून वाचू लागली. रावसाहेब थोरलीला पत्र लिहितात, धाकटीला फुलं पाठवतात, दोघी एकाच दिवशी दारात येतात, आणि... पान उलटेना. शेवटची आठ पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती. छापखान्यात कापायची राहून गेलेली.

सुमंगला क्षणभर त्या कडेकडे बघत राहिली. मग तिने तारखांच्या कागदावरचा शेरा पुन्हा वाचला. तिचा चेहरा असा काही फुलला की कुठल्याही फेशियलने फुलला नसता.

"हं? हंहं?" अकरा जणी मातीआडून ओरडल्या.

तिने भुवयांची कात्री उचलली, पानं अलगद कापली आणि पुढे वाचलं. रावसाहेबांनी लग्न केलं घरमालकिणीशी! अकराही पॅक एकाच वेळी तडकले.

गणेश चतुर्थीला आरतीआधी तात्यासाहेब वही घेऊन स्टेजवर उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला. "शेवटचा प्रश्न. रावसाहेबांनी शेवटी कुणाशी लग्न केलं? थोरलीशी, की धाकटीशी?"

"घरमालकिणीशी."

"चूक!" तात्यासाहेब आनंदाने म्हणाले. "काहीतरीच काय! घरमालकीण?"

सुमंगलाने माईकवर तळहात ठेवला. पुस्तक उघडून ताजी कापलेली कड त्यांना दाखवली, मग त्यांचा शेरा. तात्यासाहेबांचे कान लाल पेन्सिलीच्या रंगाचे झाले.

"कधीपासून?" त्यांनी हळूच विचारलं.

"छापल्यापासून, तात्यासाहेब. कात्री काल लावली. माईकवर हात ठेवलाय, काळजी नको."

मग त्यांनी स्वतः तिचा हात माईकवरून बाजूला केला आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाले, "उत्तर बरोबर. चूक माझी. पंचवीस पूर्ण!"

टाळ्यांत रुचीची शिट्टी सगळ्यात वर होती. यशवंतरावांनी या वेळी मोदक घट्ट धरून ठेवला होता.

सुमंगलाने वाचायला तीच आठ पानं घेतली. एकदाही अडखळली नाही. घरमालकीण दारात येते तिथे ती मुद्दाम थांबली, तेव्हा पहिल्या रांगेत तात्यासाहेब खुर्चीच्या टोकाला येऊन म्हणाले, "अगं, पुढे?"

आरतीनंतर त्यांनी तारखांच्या कागदावर स्वतःच्या जुन्या नावाखाली सुमंगलाचं नाव लिहिलं. त्याच्याखाली आजची तारीख घालून पुन्हा स्वतःचं, आणि पुस्तक बगलेत मारून घरी गेले. शेऱ्याची जागा मात्र त्यांनी कोरी ठेवली.