आदल्या संध्याकाळी भिजवलेला पाव

माणूस दारात आला की चूल पेटवावी, ही साधी रीत. मी मात्र जो पदार्थ करायचे तो आदल्या संध्याकाळीच भिजवावा लागे, आणि आमचे हे खरंच येणार की नाही ते कळे दुसऱ्या दिवशी बोट लागल्यावर.

हे परदेशी जाणाऱ्या आगबोटीवर आगवाले होते. बोटीच्या पोटात भट्टीपाशी उभं राहायचं आणि तिला कोळसा घालायचा. एकदा गेले की वर्ष वर्ष पत्ता नाही. मग मुंबईहून कुणीतरी सांगावा आणी की अमक्या बोटीने रत्नागिरीला येताहेत. मांडवीजवळच्या आमच्या घरात मी आणि सासू, दोघीच. मूलबाळ अजून नव्हतं. सासू तसबीहचे मणी ओढी, नाहीतर माझ्या चुका काढी. मीही तोंडाने काही कमी नव्हते. पण भांडून भांडून भांडणार तरी किती? दिवेलागणीला घर इतकं गप्प होई की मी कोंबड्या डालताना त्यांच्याशीच बोलत बसे.

लग्नानंतरच्या पहिल्या रजेत यांनी मला नि सासूला बोटीवरच्या जेवणाचं वर्णन करून सांगितलं होतं. "पाव अंड्यात भिजवतात नि भट्टीत भाजतात. वरून खरपूस, आतून लोण्यासारखा मऊ. साहेब खातो तेच आम्ही."

मी म्हटलं, "पावाला कसली आलीय चव?"

तर हसून म्हणाले, "गाढवाला गुळाची चव काय!"

मीही हसले, पण ते मनात रुतून बसलं. आमच्याच आळीतल्या एकीचा नवरा रंगूनला दुसरा संसार मांडून बसला होता. ती बिचारी अजून बंदराकडे बघत होती. मला वाटे, तिकडे साहेबाचं ताट, आणि इकडे माझी तांदळाची भाकरी नि सुका जवळा. कशाला यावं माणसाने परत? सांगायचं तर लाज वाटे, पण त्या ताटाची मला सवतीसारखी भीती वाटायची.

माझा मामू एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होता. त्याच्याकडून मी तो पदार्थ शिकून घेतला. शिळा पाव कापून तपेल्यात रचायचा, मधे कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. दुधात फेटलेली अंडी वरून ओतायची आणि झाकून ठेवायचं. "पावाला अंडं प्यायला अख्खी रात्र लागते," मामू म्हणायचा, "घाई केलीस तर मधे कोरडा राहील." सकाळी तपेलं मंद विस्तवावर, वर ताट, ताटावर करवंट्यांचे निखारे. भट्टी कुठून आणू?

पदार्थ शिकले त्या वर्षी सांगावा आला तो खोटा ठरला. बोटीवरचे उतारू घेऊन पडाव किनाऱ्याला लागले, त्यांत हे नव्हते. मी तपेलं उतरवलं आणि दोघी जेवायला बसलो. "नाव मोठं, लक्षण खोटं," सासू म्हणाली, आणि दुसरा तुकडा घेतला. पुढच्या खेपेलाही तेच झालं. सासू म्हणाली, "आधी माणूस येऊ दे, मग पाव भिजव." बरोबरच होतं तिचं. पण तो पदार्थ तसं कुठे करू देत होता? पुन्हा सांगावा आला तेव्हा मी अंडी पुन्हा फोडलीच.

आणि हे आले. ओसरीवर पेटी ठेवली, आईला सलाम केला, हातपाय धुऊन पाटावर बसले. किती वाळले होते! मी तपेल्यावरचे निखारे झाडले, मोठा तुकडा कापून वाढला आणि दाराआड उभी राहिले. बोटीवरच्यासारखा जमला असेल का?

बिस्मिल्ला म्हणून त्यांनी घास घेतला. थांबले. मग आणखी एक, आणि मग भराभर खाऊ लागले.

"काय गो हे? अंड्याचं सांदण केलंस की काय?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. म्हटलं, "ओळखा बघू."

त्यांनी तुकडा उलटून पाहिला, वास घेतला आणि मान हलवली. "नाही ओळखत. असलं काही जन्मात खाल्लं नाही मी."

सासू म्हणाली, "अरे, पण तूच तर..."

"अम्मा, तुम्ही पण घ्या ना," म्हणत मी तिच्या ताटात वाढलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि बोलायचं सोडून घास तोडला.

हे खाली मान घालून जेवत होते. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, काही जुने, काही अजून ओले. त्यांचा राग आला, आणि इतकं वाईट वाटलं की तिथेच रडावंसं झालं. तिकडे खरंच काय खाता, हे अगदी ओठांवर आलं होतं.

"सांदणच आहे," मी म्हटलं, आणि तपेल्यात होतं नव्हतं ते सगळं त्यांना वाढलं.