खोळीतली बरणी

लोणचं मागायला कोणी आलं की आमच्या शेजारच्या मावशी आधी बरणीपुढे हात आडवा धरायच्या. "हात नका लावू. नासंल." मग स्वतःच कोरड्या पळीने दोन फोडी वाटीत घालायच्या. इंदिरानगरातल्या आमच्या नव्या वसाहतीत याची थट्टा चाले. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेलच.

त्यांच्या बरणीला मात्र गळ्यापर्यंत गोधडीच्या कापडाची खोळ शिवलेली होती.

"मावशी, बरणीला थंडी वाजते का?"

"वाजती, मास्तर." त्या हसल्या नाहीत. बाहेर एखादी मोटार थांबली की त्यांची नजर आधी बरणीकडे जाई, मग दाराकडे.

ऐंशी सालच्या सुमारास एका उन्हाळ्यात मी कुंपणापलीकडून पाहिलं. नवं लोणचं घालण्याआधी त्या दरवर्षीप्रमाणे बरणी राखेने घासत होत्या. खोळ बाजूला पडली होती. पांढऱ्याशुभ्र अंगावर गुलाबी फुलं, त्यांत एक पक्षी. रंग मिन्याच्या कामासारखे चढवलेले. अशी जुनी चिनी भांडी मी फक्त पुस्तकांत पाहिली होती.

मावशींनी घाईघाईने बरणीवर पदर टाकला. मग सांगितलं: पूर्वी देवळालीच्या एका पारशी बाईंकडे त्या स्वयंपाकाला होत्या. शेवटच्या आजारात बाईंनी ही बरणी त्यांच्या मांडीवर ठेवली होती.

"सोताच्या हातानं दिली, मास्तर. पण बघायला कोण होतं? उद्या कुणी चोर म्हणलं तर?"

"निदान राखेने घासू नका. रंग जाईल."

"लोणच्याची बरणी लोणच्याचीच दिसाया हवी," त्या म्हणाल्या आणि घासत राहिल्या.

काही वर्षांनी बाईंचे एक भाचे खरोखरच मोटार घेऊन आले. मावशींनी मला हाक मारली. त्यांचा आवाज ओळखू येईना.

"पोलीस नाय आणला मी," भाचे शांतपणे म्हणाले. "आंटीची बरणी फक्त दाखव."

मावशींना टाके उसवेनात. मी ब्लेडने कापले. खोळ उतरली. आत पांढरी बरणी, फुलांच्या जागी पुसट डाग, हळदीचा पिवळेपणा. भाच्यांनी हात पुढे केला, पण धरून मावशीच होत्या. त्यांनीच ती हळूहळू फिरवून दाखवली. अंगठा एकाच जागी दाबलेला, नख पांढरं पडलेलं.

भाच्यांनी नाक मुरडलं. "ही नाय. आंटीच्या बरणीवर पक्षी होता."

मोटार वळणापलीकडे गेली.

"सुटलात, मावशी."

त्यांनी अंगठा उचलला. खाली पक्ष्याचा एक लाल पाय उरला होता. त्याच्यावरची कोरी जागा त्या बोटाने चाचपत राहिल्या. "पाखरू कुठं गेलं हो, मास्तर? बाईंना लय आवडायचं."

त्यानंतर त्यांनी लोणचं घातलं नाही.

शेवटच्या आजारात त्यांनी बरणी माझ्या मांडीवर ठेवली. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मावशी आता नाहीत. बरणी माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे, मी शिवलेल्या खोळीत. रस्त्यावर मोटार थांबली की मी वाचायचा थांबतो. परवा कोणीतरी सहज विचारलं, यात काय आहे? माझा हात आडवा झाला होता.

"हात नका लावू," मी म्हणालो. "नासेल."