ताणावर हाय

कोणतंही झाड समोर आलं की दादाजी त्याचं पान तोडायचे, चुरगाळायचे, डोळे मिटून हुंगायचे आणि म्हणायचे, "पान खोटं बोलत नाई, बाई."

दादाजी आमच्या सौंसरच्या शाळेतले चपराशी, मी तिथली मास्तरीण. बोरगावला त्यांची संत्र्याची छोटी बाग होती. संत्र्याच्या नावाखाली कुणी आंबट जंभेरीचं रोप गळ्यात मारलं, तर शेतकऱ्याला ते कळतं फळ चाखल्यावर, चार-पाच वर्षांनी. दादाजींना पानाच्या वासावरून तिथल्या तिथे कळायचं. म्हणून रोपं आणायला निघालेले लोक बैलगाडीत आधी दादाजींना बसवत.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या मधली गोष्ट. दिवाळीनंतर आमच्या मोठ्या बाई लेकीच्या बाळंतपणासाठी जबलपूरला निघाल्या आणि एक कुंडी माझ्या हवाली करून गेल्या. "आईने लावलेलं आहे. आता तेवढीच तिची आठवण. नाव ठाऊक नाही, फूल कधी आलं नाही. पण जपा हो." पट्ट्यासारखी लांब चार पानं, बस्स.

दादाजींनी एक पान चुरगाळलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. चेहरा पडला.

"सर्दी हाय मले," ते म्हणाले.

ती सर्दी पंधरा दिवस टिकली. नाक मोकळं झालं का विचारलं की ते घंटा वाजवायला पळत, तास संपायला दहा मिनिटं असली तरी.

मग एक दिवस त्यांनी माती उकरून पाहिली. आत कांदा. "पाणी बंद करा. ताण द्या." संत्र्याचं पाणी तोडून झाड सुकवतात, मग पाणी सोडलं की बहार फुटतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण खिडकीतल्या कुंडीला ताण! पानं पिवळी पडली, वाळली, गळाली. उरली नुसती माती.

"दादाजी, मेलं हो!"

"काऊन घाबरून राहिल्या, बाई? ताणावर हाय."

पुढे त्यांनी हे सगळ्यांनाच लावलं. बढती अडकलेले बाबू ताणावर, तिशी गाठूनही बिनलग्नाची मी ताणावर. "बहार येईन, बाई." मला रागही यायचा आणि हसूही.

फेब्रुवारीत मोठ्या बाई परतल्या. रिकामी कुंडी पाहून मटकन खाली बसल्या. मी तोंड उघडायच्या आत दादाजी पुढे झाले. "म्या वाळवलं. ह्या बाईचा काई दोष नाई."

मोठ्या बाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. महिनाअखेर दादाजी रिटायर झाले, निरोपालाही त्या आल्या नाहीत. जाताना दादाजींनी कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं. "ताण तोडला," एवढंच म्हणाले.

मार्चमध्ये मातीतून एक जाड दांडा निघाला आणि त्यावर चार लालभडक भोंगे उघडले. मोठ्या बाई आधी रडल्या, मग कुंडी मांडीवर घेऊन बोरगावच्या बसमध्ये बसल्या. सोबत मी.

दादाजी बागेत होते. बाईंनी हात जोडले तसे ते फार अवघडले.

"आता नाव तरी सांगा," बाई म्हणाल्या.

त्यांनी फुलाला नाक लावलं. बराच वेळ.

"अजून सर्दी हाय मले."

दादाजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्या कांद्याचं एक पिल्लू आज माझ्या खिडकीत आहे. परवा त्याचं पान चुरगाळून हुंगलं. कसलाच वास नाही. डोळे मात्र भरून आले, नाकही वाहू लागलं. शेजारीण दारातून म्हणाली, "काय झालं हो?"

"सर्दी हाय मले," मी म्हणाले.