छापील नको, मूळ पाठवा

माझ्या बायकोला मी तीन वर्षांत एकदाच माहेरी पाठवलं, आणि तेही चुकून.

चूक एका शब्दाची होती. त्या वेळी मी बेलापूरला मास्तर होतो आणि पोरांना व्याकरण शिकवत होतो. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे कुणी टोमणा मारायला नको.

दिवस लढाईचे होते. रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, आणि कागद तर औषधालाही नव्हता. नेमक्या त्याच दिवसांत मला चित्रांचं वेड लागलं. चित्रं म्हणजे देवादिकांची नव्हेत. मासिकांत हास्यचित्रं छापून येतात ना, ती. आणि छापलेलीसुद्धा नव्हेत! चित्रकाराने स्वतःच्या हाताने काळ्या शाईत काढलेली, ज्यांच्यावरून छापखान्यात छपाईचे धातूचे ब्लॉक करतात, ती मूळ चित्रं. (असलं काही कुणी जमवतं हे ऐकून आमच्या हेडमास्तरांनी मला आठवडाभर कोणताही वर्ग एकट्याला दिला नव्हता.)

वेडाची सुरुवात हजेरीपटापासून झाली. एका पावसाळ्यात शाळेच्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्याची खळ सुटली आणि आतून एक हवालदार बाहेर आला. शाईने काढलेला, भलामोठा, शिंकणारा. शिंकेने त्याची पगडी उडाली होती आणि पगडीच्या बाजूला पेन्सिलीने आधी काढून खोडलेल्या आणखी तीन पगड्या होत्या. नाक चुकलं होतं तिथे पांढरा रंग फासून नवं नाक काढलं होतं. कोपऱ्यात छापखान्यासाठी निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं, "चार इंच करा." मी बघतच राहिलो. छापील चित्रात माणूस नुसता शिंकतो. इथे तो शिंकायच्या आधी चित्रकाराने किती विचार केला तेही दिसत होतं. त्या दिवशी हजेरी घ्यायची राहून गेली.

शोध घेत मी नगरला कापडबाजारामागच्या बोळात करीमचाचांच्या दुकानी पोहोचलो. चाचा वह्या बांधायचे. शेजारच्या छापखान्यातून एक विनोदी मासिक निघायचं. ब्लॉक झाले की मूळ चित्रं चाचांकडे यायची, कारण ती जाड कार्डावर असत आणि लढाईत जाड कार्ड म्हणजे सोनं. चाचा ती वह्यांच्या पुठ्ठ्यात घालून वर कापड चिकटवायचे.

"चाचा, ही मला विकत द्या," मी म्हणालो.

"पैसा घेऊन मी काय करू, मास्तर? पैशाचा पुठ्ठा होतो काय? जेवढं कार्ड न्याल तेवढा पुठ्ठा आणून द्या."

झालं! आमच्या घरातला पुठ्ठा बेलापूर सोडून नगरला जायला लागला. औषधांचे खोके गेले, जुनं कॅलेंडर गेलं, माझ्या बुटांची पेटी गेली. शेवटी हिच्या लग्नातल्या शालूचा खोकाही गेला आणि शालू उशीच्या अभ्र्यात राहायला आला. त्या बदल्यात घरात आला दाढदुखीवाला न्हावी आणि म्हशीला इंग्रजी शिकवणारा पेन्शनर. राहात्याच्या एका वकिलाला हाच रोग होता. त्यांना मी एकदा पेन्शनर विकला, पण चार दिवस अन्न गोड लागेना. पाचव्या दिवशी टांगा करून गेलो आणि हातापाया पडून पेन्शनर चढ्या भावाने परत आणला.

आमची ही या सगळ्यावर काही बोलत नसे. ती एकूणच कमी बोलायची. तिचं माहेर नगरचं. वडील, म्हणजे अण्णा, नगरपालिकेतले पेन्शनर कारकून. आई सतत आजारी. आणि तीन वर्षांत मी हिला माहेरी पाठवलं नव्हतं. आमच्याकडे लेकीला सासरहून न्यायला माहेरचं जे माणूस येतं त्याला 'मूळ' म्हणतात. अण्णांनी दोनदा आपल्या मुलाला मूळ म्हणून धाडलं होतं. पहिल्यांदा मी शाळेची तपासणी पुढे केली. दुसऱ्यांदा माझा खोकला. दोन्ही वेळा मूळ चहा पिऊन रिकाम्या हाताने परत गेलं. अण्णा मानी होते. "आता जावईबापू स्वतः मूळ मागवतील तेव्हाच धाडू," असं ते म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं होतं. त्यानंतर संध्याकाळी स्टेशनकडून टांगा आला की ही दारापर्यंत जायची आणि टांगा पुढे गेला की आत यायची. मला ते दिसत होतं. मी खोकत होतो.

आणि मग ते चित्र आलं.

मासिकाच्या गणपतीच्या अंकात छापलं होतं. रेल्वेचा फलाट. एक गृहस्थ काखेत वळकटी, डोक्यावर ट्रंक, गळ्यात फिरकीचा तांब्या असा उभा. गाडी सुटली आहे आणि दोन्ही तिकिटं ह्याच्याच हातात! सुटलेल्या गाडीच्या खिडकीतून बायको मागे वळून बघते आहे. पण लढाईतला कागद आणि लढाईतली शाई. बायकोचा चेहरा छपाईत नुसता काळा ठिपका झाला होता. ती हसते आहे की रडते आहे, काही कळेना. मी भिंग लावून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं. मूळ चित्र बघितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

वेळही थोडा होता. दिवाळीला व्यापारी नव्या चोपड्या पूजतात, म्हणजे दिवाळीच्या आत चाचा हाताला लागेल ते कार्ड पुठ्ठ्यात घालणार. सहामाही परीक्षा असल्याने मला रजा नव्हती. म्हणून अण्णांना पोस्टकार्ड लिहायचं ठरवलं. पण माझा उजवा अंगठा बांधलेला. (शाळेच्या दुसऱ्या एका रजिस्टरात काही आहे का ते विळीने बघत होतो.) मी सांगितलं आणि हिने लिहिलं.

"लिही. करीमचाचा बाइंडर यांच्याकडे फलाटाचे चित्र आहे. त्याचे छापील नको, मूळ पाठवावे. दिवाळीच्या आत पाठवावे. फार दिवस वाट पाहत आहे."

"लिहिलं," ही म्हणाली.

"वाचून दाखव."

तिने शब्द न् शब्द वाचून दाखवला. मी खूश झालो.

आठव्या दिवशी सकाळी मी न्हाणीत होतो. अंगाला साबण लावला होता (लढाईतला साबण, म्हणजे फेस कमी आणि वाळू जास्त), इतक्यात दारात टांगा थांबला आणि अण्णांचा आवाज आला. मला एवढा आनंद झाला, की मी आतूनच ओरडलो, "अण्णा, मूळ आलं का?"

"आलं, आलं. तुम्ही मागवलंत आणि येणार नाही?"

"नीट आहे ना?"

"आहे आपलं. गाडीत गर्दीनं जरा दबलंय."

"दुमडलं नाही ना कुठं?"

"गुडघ्यात दुमडलंच. त्याला इलाज नाही."

"अण्णा, भिंतीला टेकवून ठेवा. ऊन लागू देऊ नका. आणि कुणाला हात लावू देऊ नका."

"टेकलोच आहे," अण्णा म्हणाले. "तुमचं सावकाश होऊ द्या."

मी पंचा गुंडाळून, एका कानात साबण तसाच ठेवून बाहेर आलो. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. नवा रुमाल, परीटघडीचा कोट, मांडीवर लाडवांचा डबा. चित्र कुठेच नव्हतं.

"मूळ कुठंय?" मी विचारलं.

"हे काय तुमच्यासमोर बसलंय," अण्णा म्हणाले. "पोराला पाठवणार होतो. पण म्हटलं, जावईबापूंनी स्वतः लिहिलंय, दिवाळीच्या आत मूळ पाठवावं, फार दिवस वाट पाहतोय. आपणच जावं. तुमचं कार्ड हिच्या आईला वाचून दाखवलं तेव्हा ती अंथरुणात उठून बसली." एवढं बोलून त्यांनी रुमालाच्या टोकाने डोळे पुसले.

मी हिच्याकडे बघितलं. ही दारात उभी होती. ट्रंक भरलेली होती. (एवढ्या लवकर ट्रंक भरते कशी, हा प्रश्न मला पुढे बरीच वर्षं सुचला नाही.)

"आणि ते चाचांचं?" मी हळूच विचारलं.

"कार्डावर जागा उरली नाही," ती म्हणाली.

आता काय बोलणार? "अण्णा, मला तुमची मुलगी पाठवायची नव्हती, मला कागदावरची एक बाई हवी होती," असं अंगाला साबण असताना कोणत्या तोंडाने सांगायचं? मी ट्रंक उचलून टांग्यात ठेवली. टांगा वळला तेव्हा हिने मागे वळून बघितलं. धुळीने नीट दिसेना. ती हसत होती की रडत होती, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिले आठ दिवस मी खिचडी खाल्ली. पुढचे आठ दिवस तीच. दूध घालणाऱ्या बायजाबाईंनी घरात डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "मास्तर, चुलीत राख लई झालीया. बाई कवा येनार हायती?"

"येतील. माहेरी गेल्यात."

"आवं, ते समद्या गावाला ठावं हाय. तुमी रोज टांगा आला की दारात जाताय न्हवं?"

मी दारात जात होतो हे मला बायजाबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. शिंकणारा हवालदार भिंतीवर होता, पेन्शनर होता, म्हैस होती, पण घरात कुणी नव्हतं. मला तिची आठवण येत होती. साधी गोष्ट आहे, पण ती मला लिहायला इतकी वर्षं लागली. तीन वर्षं ती दारापर्यंत जाऊन परत येत होती तेव्हा तिला काय वाटत असेल, तेही मला त्या महिन्यात समजलं.

महिना झाला. आता परत आणायला सासरकडून मूळ जायला हवं. पण मला ना आईवडील, ना भाऊ. शेवटी मीच निघालो. बायकोला आणायला नवराच मूळ होऊन जातो, असं नगर जिल्ह्यात तोपर्यंत तरी कुणी ऐकलं नसावं.

नगरला उतरलो आणि (खरं सांगतो, पाय आपोआप वळले) आधी करीमचाचांकडे गेलो.

"तुमी लेट झाले, मास्तर," चाचा म्हणाले. "ते फलाटाचं चित्र वहीत गेलं."

"कुठल्या व्यापाऱ्याच्या?"

"व्यापारी कुठला. तुमच्या घरातल्या बाई आल्या होत्या, वडलांबरोबर. शंभर पानी वही बांधून द्या म्हणाल्या. ढीग चाळून हे चित्र त्यांनीच काढलं, लई वेळ बघत बसल्या, आणि बोलल्या, हेच लावा, तोंड आत करून. मी खळ भी जास्त लावली."

सासुरवाडीत माझं हसूनच स्वागत झालं. "मूळ आलं, मूळ आलं," म्हणून अण्णांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. ही आईच्या उशाशी बसून वहीत काहीतरी लिहीत होती. आई सांगत होती आणि ही उतरवून घेत होती. गोड्या मसाल्याचं प्रमाण, कोणत्या मावशीला कोणती मुलं, लहानपणी हिला गोवर आला तेव्हा काय काय झालं. वहीला निळं कापड चढवलेलं होतं.

"चित्र आत आहे?" मी कुजबुजलो.

"आहे. चित्र तुमचं, वही माझी."

"निदान एवढं सांग. खिडकीतली बाई हसतेय की रडतेय?"

"वही भरली की सांगेन," ती म्हणाली.

त्या थंडीत तिची आई गेली. मी तो चुकीचा शब्द लिहवला नसता तर मायलेकींचा तो महिना झालाच नसता, या विचाराने मला आजही कसंसं होतं. त्यानंतर दर दिवाळीला मी न चुकता अण्णांना कार्ड लिहायचो. स्वतःच्या हाताने आणि त्याच अर्थाने.

वही मात्र भरली नाही. ही जपून लिहायची, वर्षाला दोन-तीन पानं. मी लोणच्याच्या कृती सुचवून बघितल्या, धोब्याचे कपडे त्यात लिहून ठेव म्हणालो, ती दाद देईना. अकरा पानं कोरी असताना ती गेली, आणि बाईचं हसू की रडू तेही घेऊन गेली. आता मुलगा म्हणतो, पुठ्ठा वाफेवर धरून सोडवू. पुण्याचा एक संग्राहक दोनदा येऊन गेला. मी त्याला पेन्शनर दाखवतो, न्हावी दाखवतो आणि चहा देऊन परत पाठवतो. दोन्ही वेळा तो रिकाम्या हाताने गेला, तेव्हा मला माझा मेहुणा आठवला.

परवा कोरी पानं उलटताना शेवटच्या पानात ते कार्ड सापडलं. अण्णांनी तिला परत दिलं असणार. तिचं सुंदर अक्षर, वर तीन ओळी, आणि खाली निम्मं कार्ड कोरं! करीमचाचा, त्यांचं दुकान आणि कापडबाजाराचा सगळा बोळ त्यात आरामात मावला असता.

आता मी चित्राची घाई करत नाही. संध्याकाळी दारात बसतो. माझंही मूळ कधीतरी येईलच, आणि पाठवणारी कोण ते मला ठाऊक आहे. तेव्हा मी न्हाणीत नसलो म्हणजे मिळवली!